मांद्रेला जा, पण कुणाला सांगू नकोस

मांद्रेला पाठीवर पिशवी घेऊन आलेला माणूस पहिला एक दिवस सल्ले घेतो आणि दुसऱ्या दिवसापासून द्यायला लागतो. मधे उमेदवारी नाही, परीक्षा नाही. काल तिन्हीसांजेला जुनसवाड्याच्या रस्त्यावर समुद्र नेमका कुठल्या अंगाला आहे हे विचारत फिरणारा पोरगा आज सकाळी भाजी-पाव खाता खाता शेजारच्या बाकावरच्या नव्या पाहुणीला सांगत असतो, "मोठ्या रस्त्याने जाऊ नकोस. खाडीवर बांबूचा साकव आहे, तिकडून उतर. तिथे गर्दी नसते." सकाळी सातला मांद्रेत कुठेच गर्दी नसते, पण ती मुलगी कृतज्ञ होऊन ऐकते. उद्या ती हेच तिसऱ्याला ऐकवणार, आणि तोवर त्यात 'स्थानिक लोक तिकडूनच जातात' एवढी भर पडलेली असणार. स्थानिक लोक मुळात समुद्रावर जातच नाहीत. गेलेच तर रापण ओढायला जातात, आणि तेव्हा गर्दी असली तर बरेच असते.

मी या गावचा. आमचे घर रस्त्याला लागून आहे, त्यामुळे ऑक्टोबर ते मे या काळात सोप्यावर बसल्या बसल्या जगभरचे सल्ले कानांवरून जातात. कुठल्याही भाषेतला सल्ला न समजताही ओळखता येतो. देणाऱ्याचा हात लांब होतो, एक बोट हवेत फिरते आणि आवाज थोडा खाली येतो.

या मंडळींत जातपात नाही, पासपोर्टाचा रंग कुणी पाहत नाही, पगार तर चुकूनही कुणी विचारत नाही. ज्येष्ठता मात्र कडक. तिचे माप एकच : "किती दिवस झाले?" आठवडा झालेला माणूस चार दिवसवाल्याला गप्प करतो, महिनावाला आठवडावाल्याला. सबंध सीझन काढलेला बोलायला लागला, की महिनावाले उगाच चहा ढवळू लागतात. त्याच्याही वर 'दरवर्षी येणारा'. आणि सगळ्यांच्या वर तो, ज्याने शिवोली-चोपडे पूल होण्याआधी शापोरा नदी फेरीबोटीने ओलांडलेली असते. पांढऱ्या केसांचा अंबाडा, विटलेली लुंगी, तोंडात विझलेली विडी. त्याला काहीही विचारा, उत्तराची सुरुवात ठरलेली : "तुम्ही फार उशिरा आलात." मग तो सांगतो, की तेव्हा या वाड्यावर एकच दुकान होते आणि काय शांतता होती! ते दुकान माझ्या चुलत्याचे. त्या शांततेमुळेच ते बंद पडले. पण मी मधे बोलत नाही. पूल झाला तेव्हा आम्हाला झालेला आनंद त्याला कळणार नाही, आणि त्याला झालेले दुःख आम्हाला. रात्री शेवटची फेरी चुकली म्हणून पलीकडच्या धक्क्यावर डास मारत बसलेल्या माणसाला नदीचे सौंदर्य कसे दिसते, ते फक्त आमच्या आधीच्या पिढीला ठाऊक.

या ज्येष्ठांवर २०२३ च्या जानेवारीत मोठा प्रसंग गुदरला. मोपाचा विमानतळ सुरू झाला. तोवर त्यांचे सगळे भांडवल दाबोळीत गुंतलेले होते. दाबोळीला उतर, टॅक्सीकडे बघूसुद्धा नकोस, वास्कोला जा, तिथून पणजीची बस, पणजीच्या कदंब स्थानकावर म्हापशाची शटल, म्हापशाला हरमलची बस, आणि खिडकी डाव्या बाजूची पकड. हा मंत्र काही जणांनी वर्षानुवर्षांच्या घामातून सिद्ध केलेला होता. बसभाड्याचे सुटे पैसे कुठल्या खिशात ठेवायचे, इथपर्यंत तो तपशीलवार होता. आणि एका सकाळी विमान आमच्याच पेडणे तालुक्यात उतरू लागले. मोपाच्या पठारावरचे ज्यांचे काजू गेले त्यांचे दुःख निराळे, त्यावर विनोदी लेख होणार नाही. पण मांद्रेत मी प्रत्यक्ष पाहिले, की एका मुलीला दाबोळी-वास्को-पणजी-म्हापसा ही पोथी सांगायला सुरुवात करणाऱ्या एका जुन्या जाणत्याला ती म्हणाली, "पण मी मोप्याहून आले. अर्धा-पाऊण तास लागला." त्या माणसाचा चेहरा नोटबंदीनंतर गादीखाली पाचशेंची गड्डी सापडावी तसा झाला. दोन-तीन दिवस तो कुणाशी बोलला नाही. मग सावरला. आता तो मोप्याहून टॅक्सी कशी करू नये ते सांगतो.

टॅक्सीवरून आठवले. सगळ्या सल्ल्यांचा गाभा शेवटी एकाच प्रश्नात असतो : "तू किती दिलेस?" स्कूटरचे दिवसाचे चारशे देणारा माणूस आनंदात हिंडत असतो, जोवर त्याला साडेतीनशेवाला भेटत नाही. साडेतीनशेवाला तीनशेवाल्याला भेटेपर्यंत सुखी. तीनशेवाल्याला एखादा सांगतो, "मी महिन्याचे ठरवले," आणि आकडा सांगतच नाही, नुसता हसतो. सूर्य समोर समुद्रात बुडत असतो आणि हे चौघे त्याच्याकडे पाठ करून भागाकार करत असतात.

यात एक सल्ला खरोखर कामाचा आहे. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच गाडी भाड्याने घ्यावी, कारण ती रीतसर भाड्याची. पांढऱ्या पाटीची गाडी कुणाची तरी घरची, ती भाड्याने देणे बेकायदा, आणि पोलिसाने अडवले की दंड. हा सल्ला सगळे देतात, सगळे मान डोलावतात आणि पन्नास रुपये कमी म्हणून पांढऱ्या पाटीची उचलतात. मग दुसऱ्या फेरीचे सल्ले सुरू होतात, पोलीस कुठे उभे असतात आणि कुठल्या आतल्या रस्त्याने गेले की ते टळतात यांचे. ही चर्चा चहाच्या टपरीवर मोठ्याने चालते. पोलीसही त्याच टपरीवर चहा घेतात. दुसऱ्या दिवशी ते आतल्या रस्त्यावर उभे.

पण मानाचा सल्ला म्हणजे जागेचा. तो नेहमी "कुणाला सांगू नकोस" या शब्दांनी संपतो, आणि सांगणाऱ्यालाही तो याच शब्दांनिशी मिळालेला असतो. गोव्याच्या किनाऱ्याचा अर्धा इतिहास या तीन शब्दांनी घडवला आहे. आधी कळंगुट होते. तिथे माणसे वाढली तेव्हा एकाने दुसऱ्याला हळूच सांगितले, हणजूणला जा, अजून बिघडलेले नाही. सत्तरच्या दशकात हणजूणला बुधवारचा बाजार भरू लागला, गेलेल्या लोकांनी आपापल्या वस्तू एकमेकांना विकल्या, आणि ते बिघडले. मग वागातोर. मग नदी ओलांडून मोरजी, आश्वे, हरमल. हरमलला संध्याकाळचे ढोल वाढले, तेव्हा 'हरमलच्या अलीकडे एक शांत गाव आहे' म्हणून आमचे नाव निघाले. इथे आता योगाचे इतके वर्ग आहेत, की सकाळी दीर्घ श्वासांचा आवाज गाजेत मिसळतो. साहजिकच आमच्या बाकांवर हल्ली बोट उत्तरेकडे फिरू लागले आहे. "केरीला जा. अजून बिघडलेले नाही."

केरीच्या पुढे तेरेखोल नदी. तिच्या पलीकडच्या काठावर तेरेखोल हा चिमूटभर गाव तेवढा गोव्याचा, किल्ल्यासकट. गावाच्या मागे लगेच महाराष्ट्र लागतो. म्हणजे हा 'अजून न बिघडलेला' पट्टा आता सरहद्दीला टेकला आहे, आणि रेडी, शिरोडा, आरवली यांची नावे मी कुजबुजीत ऐकली आहेत. शिरोडेकरांनो, सावध राहा. वि. स. खांडेकर १९२० साली तुमच्याकडे मास्तरकी करायला आले आणि १९३८ पर्यंत राहिले. आजच्या मापाने "किती दिवस झाले?" या प्रश्नावर त्यांनी "अठरा वर्षे" असे म्हटले असते आणि सबंध किनारा चहा ढवळू लागला असता. पण त्यांनी येताना कुणाला बोलावले नव्हते. उद्या जे येतील ते "कुणाला सांगू नकोस" असे सांगत येतील.

या सगळ्या किनाऱ्यावर सल्ल्याशिवाय येणारी एकच पाहुणी आहे. ऑलिव्ह रिडले कासवी. मोरजीला येते, मांद्रेलाही येते. ज्या किनाऱ्यावर जन्मली त्याच्याच आसपास रात्री येते, वाळूत खड्डा करते, अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. किती दिवस राहायचे, खोली कितीला, विचारत नाही. वनखात्याचे लोक घरट्याभोवती कुंपण घालतात. मग बाकावर सल्ले सुरू होतात, की कासव बघायला नेमके किती वाजता जावे आणि वनखात्याच्या माणसाला काय सांगावे.

हे सगळे नवे आहे असे मात्र नाही. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून जमिनीवरून निघालेली पोरे इस्तंबूलला एका मिठाईच्या हॉटेलात थांबत, 'पुडिंग शॉप' म्हणून ते प्रसिद्ध होते. तिथल्या फळ्यावर चिठ्ठ्या टोचलेल्या असत : काबूलपर्यंत गाडीत एक जागा आहे, अमक्या सरहद्दीवर केस कापून जा, तमक्याला पैसे देऊ नकोस. टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने त्याच वाटेने ऑस्ट्रेलिया गाठले. लोक फारच विचारतात म्हणून १९७३ साली त्यांनी 'स्वस्तात आशिया' अशा अर्थाचे एक चोपडे छापले, आणि त्यातून 'लोन्ली प्लॅनेट' हा केवढा धंदा उभा राहिला! सल्ल्याचे पैसे होतात हे जगात ज्या थोड्यांना कळले त्यांत हे दोघे. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात रशियन फौजा घुसल्या, आणि ती वाट बंद पडली. वाट बंद पडली म्हणून त्या वाटेबद्दलचे सल्ले बंद पडले, असे समजू नका. लुंगीवाल्याला विचारून पाहा. कंदाहारला कुठे उतरावे ते तो आजही सांगेल.

आणि आपण तरी काय मागे होतो? मराठीतला पहिला पाठपिशवीवाला मी वरसईच्या विष्णुभट गोडशांना मानतो. त्यांना पक्की खबर लागली, की बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा भरघोस आहे. सल्ला बिनतोड होता. जागा चांगली, जेवणाची सोय, वर पैसे. गोडसे काकांना बरोबर घेऊन निघाले. साल फक्त १८५७ होते. वाटेत शिपायांनी त्यांना सावध केले, पुढे गडबड होणार आहे, परत फिरा. म्हणजे गोत्यात आणणारा सल्ला घरच्या घरी मिळाला तो ऐकला, आणि खरा वाटेत फुकट मिळाला तो ऐकला नाही. हा आपल्या जातीचा प्रवासी! परिणामी मथुरेच्या यज्ञाऐवजी भटजींनी झाशीचा वेढा आतून पाहिला, लुटले गेले, आणि घरी आले ते गंगेची कावड घेऊन. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाला, आणि आपल्याला एक अव्वल पुस्तक मिळाले. तरी वाचताना मला राहून राहून त्या यज्ञाची खबर देणाऱ्याची आठवण येते. भटजी परतल्यावर तो रस्त्यात भेटला असेल तेव्हा काय म्हणाला असेल? बहुधा हेच, की तुम्ही थोडे उशिरा गेलात.

शनिवार-रविवारी आमच्या रस्त्यावर पुणे, कोल्हापूर, सांगलीच्या गाड्या लागतात, तेव्हा या देवाणघेवाणीला रंग चढतो. मराठी कुटुंब निघतानाच सल्ल्यांनी भरलेले असते. सोसायटीतल्या कुणी ना कुणी त्यांना 'अस्सल' थाळीचे ठिकाण सांगितलेले असते आणि ते मडगावला असते. पण सगळ्यांत जिवाभावाचा विषय परतीचा. पत्रादेवीच्या नाक्यावरून पलीकडे किती बाटल्या नेता येतात? एक म्हणतो दोन, एक म्हणतो माणशी दोन, तिसरा म्हणतो सीलबंद असल्या तर कितीही. चौथा गाडीत सुकी मासळी वर ठेवायला सांगतो, म्हणजे डिकीत कुणी हात घालत नाही. शेवटी एकजण हुकमाचे पान टाकतो, "माझा साडू एक्साइजमध्ये आहे." त्यावर कुणी बोलत नाही. रीतसर परवाना मिळतो, तो काढावा, हे सांगणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. तो सल्ला कदाचित फार सोपा असेल.

एकदा अशाच एका काकांची आणि जटा वाढवलेल्या एका युरोपीय पोराची भाजी-पावाच्या बाकावर गाठ पडली. काकांनी "व्हेअर फ्रॉम?" असे विचारले, उत्तर ऐकायच्या आत चिवड्याची पिशवी पुढे केली आणि त्याला अष्टविनायकाचा क्रम समजावून दिला. मोरगाव पहिले आणि शेवटीही परत मोरगावच, यावर त्यांचा फार जोर होता. पोराने चिवडा खात काकांना हंपीला नदीपलीकडे राहा, घड्याळ काढून ठेवा आणि निदान सहा आठवडे द्या असे सांगितले. काकांची रजा सोमवारी संपत होती. दोघांनी एकमेकांचे म्हणणे मनापासून ऐकले. जाताना हात मिळवले. काकू गाडीतून म्हणाल्या, "अहो, त्याला सांगितलंत का, बाहेरचं पाणी पिऊ नकोस म्हणून?" काका परत गेले आणि तेही सांगून आले.

या सगळ्यात गावच्या माणसाला कुणी फारसे विचारत नाही. विचारले तर तो रस्ता सांगतो, "फुडें वच, मागीर विचार." पुढे जा आणि मग विचार. यापेक्षा प्रामाणिक मार्गदर्शन मला ठाऊक नाही, पण ते वहीत उतरून घेण्यासारखे नसते. आमच्या शेजारची वयनी चार खोल्या भाड्याने देते. विदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते, ते काम तिचा मुलगा मोबाइलवर करतो. सल्ले वयनी देते, एकेका वाक्याचे. माडाखाली स्कूटर लावू नको. माडाखाली तूही बसू नको. लाल बावटा असला तर पाण्यात उतरू नको. पोट बिघडले तर खोलीच्या बाहेर बस, मी पेज आणते. उकड्या तांदळाची पेज, लोणच्याची फोड, संपले. पाहुणे माडाचे ऐकत नाहीत, कारण फोटो माडाखालीच चांगला येतो. पेजेचे ऐकतात, कारण तोवर बाकावर मिळालेल्या कोळशाच्या गोळ्या, आल्याचा काढा आणि 'फक्त कलिंगड खा' हे सगळे करून झालेले असते. मेअखेर शॅक मोडले जातात, जूनपासून दोन महिने ट्रॉलरांनाही बंदी, दर्या खवळतो. "नारळी पुनवेपर्यंत दर्यात पाय घालू नये," असे वयनी सांगते तेव्हा ऐकायला कोणी उरलेला नसतो.

गेल्या सीझनच्या अखेरीस वयनीने काशीयात्रेचे ठरवले. टूरबरोबर, गावातल्या आणखी बायका होत्या. पाहुण्यांच्या कानावर गेले मात्र, चारही खोल्या रिकाम्या झाल्या आणि सगळे तिच्या सोप्यावर जमले. काशी! त्या प्रत्येकाचा तो हक्काचा विषय होता. एकीने घाटांचा नकाशा काढून दिला आणि त्यात लस्सीच्या दुकानावर फुली मारली. एकाने नावाड्याला पहिल्या भावाच्या निम्म्याने कसे आणायचे ते करून दाखवले, स्वतः नावाडी होऊन. लुंगीवाला शेजारून खास उठून आला आणि म्हणाला, की आता जाण्यात अर्थ नाही, खरी काशी संपली. वयनी एकूण चार दिवस जाणार म्हटल्यावर सगळ्यांना फार वाईट वाटले. काशी समजायला निदान तीन महिने लागतात, असे एक एकवीस वर्षांचा मुलगा तिला समजावून सांगत होता. तिला फक्त एक गोष्ट हवी होती : गंगेचे पाणी विमानात नेऊ देतात का? सहाजणांनी सहा उत्तरे दिली, सगळी ठाम.

वयनीने सगळे नीट ऐकले. "बरें, बरें" म्हणाली, सगळ्यांना कोकमाचे सरबत दिले. रात्री धाकटा दीर जेवायला आला, तो पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून पॅसेंजर नेणारा. त्याला तिने तोच प्रश्न विचारला. दीर काशीला गेलेला नाही. विमानात तर बसलेलाच नाही. ताटातला बांगडा उलटत तो म्हणाला, "व्हड बॅगेंत घाल, हातांतले बॅगेंत नाका."

तिने लगेच मोठी बॅग काढली.